योनचॉन, तालुका शिंदखेडा

कोरियाच्या सीमेवर योनचॉन नावाचा एक तालुका आहे. त्याची या जगात सर्वांत जास्त काळजी वाहणारा माणूस ना तिथल्या सरकारात आहे, ना बंदुका रोखून समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्हीकडच्या फौजांत. तो शिंदखेडा तालुक्यात, पांझरेच्या काठी, लिंबाखालच्या बाजेवर बसलेला आहे आणि नात्याने माझ्या मावशीचा चुलतसासरा लागतो. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. मी आजवर काढलेल्या पत्रकांतली काही विधानं, खरं सांगायचं तर, घाईत केलेली होती. हे तसं नाही. सारं गाव त्यांना नाना म्हणतं. जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधकाची नोकरी करून ते निवृत्त झाले, तालुक्यातल्या निम्म्या बैलांच्या खुरांना त्यांचा हात लागलेला आहे, आणि मुंबईपलीकडे ते आयुष्यात कधी गेलेले नाहीत. मुंबईलाही एकदाच गेले, तेही संध्याकाळच्या गाडीने परत आले, कारण तिथे जमीन दिसत नव्हती.

एप्रिल महिन्यात खान्देशात दुपारी बाहेर पडणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा निवडणुकीतला उमेदवार. अशा उन्हात मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर चढले, तेव्हा नानांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून गंभीरपणे म्हणाले, ‘‘आज आमना तालुकामा पाऊस शे. हवा गार.’’ मी आकाशाकडे पाहिलं. आकाश तव्यासारखं तापलेलं होतं. मावशी आतून ओरडली, ‘‘अगं, त्यांचा तालुका वेगळा आहे!’’ नाना रोज सकाळी आधी योनचॉनचं हवामान बघतात, मग आपलं. तिकडे बर्फ पडला की इकडे त्यांच्या अंगावर वडिलांचा जुना लष्करी ओव्हरकोट चढतो. डिसेंबरात आपल्याकडेही थोडी थंडी असते म्हणून ते खपून जातं. पण फेब्रुवारीत तो कोट घालून ते एकदा हळदीच्या कार्यक्रमाला गेले, तेव्हा नवरदेवाच्या मामाने त्यांना बाजूला घेऊन ताप वगैरे आहे का म्हणून विचारलं होतं. नाना म्हणाले, ‘‘मले नही. तिकडे नदी गोठनी.’’

आता हा तालुका त्यांच्या डोक्यात आला कसा, ते सांगते. नानांचे वडील लष्करात रुग्णसेवक होते. वडील माणसांना पट्ट्या बांधत, नाना बैलांना. घराण्याचा धंदा म्हणायचा. कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा दोन्ही बाजूंचे कैदी सांभाळायला आपल्या देशाचं एक पथक तिकडे गेलं होतं, त्यात वडील होते. एक अख्खा हिवाळा त्यांनी त्या सीमेवर काढला. तिथे नदीकाठी एक म्हातारा शेतकरी रोज येऊन उभा राहायचा आणि समोर बोट दाखवायचा. समोर त्याचं शेत होतं. मध्ये तार होती. ज्या तालुक्यातून आधी नकाशावर एका रेघेने देश कापला, त्याच तालुक्यातून तीन वर्षं रणगाडे फिरले आणि मग दुसरी रेघ आली. पहिल्या रेघेने लोक उत्तरेच्या देशात गेले, दुसऱ्या रेघेने दक्षिणेच्या देशात आले, आणि या सगळ्यात कोणी जागचं हललं नव्हतं. म्हाताऱ्याची भाषा वडिलांना येत नव्हती, वडिलांची अहिराणी म्हाताऱ्याला येत नव्हती. शेत गेल्याचं मात्र त्यांना समजलं. पथक परतायच्या वेळी म्हाताऱ्याने त्यांच्या कोटाच्या खिशात एक मूठ दाणे टाकले. राखाडी, टणक, थेंबाच्या आकाराचे. आपल्या सातपुड्यात आदिवासी बाया ज्याच्या माळा करतात तोच रानजोंधळा, पण तिकडे तो पीक म्हणून पेरतात आणि भाजून त्याचा चहा पितात. वडिलांनी ते दाणे आपल्या वावराच्या शेवटच्या बांधाला टाकले. उगवले. तेव्हापासून दरवर्षी त्या बांधाला रानजोंधळ्याच्या तीन ओळी असतात. वडील गेल्यावर नानांनी त्या सांभाळल्या.

हा म्हातारा नेमका योनचॉनचाच कशावरून, असं मी एकदा विचारलं होतं. विचारायला नको होतं. नानांनी मला मोबाइलवर नदीकाठचे काळे खडक दाखवले. ‘‘वडील सांगेत, नदी शे, काठवर काया दगडना कडा शे, आपला दगडसारखा. देख. आपलाच दगड शे का नही?’’ दगड खरोखरच आपल्यासारखा होता, लाव्हाचा, काळाभोर. एवढ्या पुराव्यावर आमच्या मोर्च्याला पोलिसांनी परवानगी दिली नसती, पण नानांनी एक तालुका दत्तक घेतला. त्या तालुक्यात आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडी सापडल्या, नदीच्या कड्यावर जुन्या राजांचे किल्ले आहेत, सीमेपलीकडे अडकलेल्या गावातले, जिनसेंग नावाची औषधी मुळं पिकवणारे शेतकरी अलीकडे येऊन पुन्हा लागवडीला लागले, शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाताना चौकीवर पास दाखवावा लागतो आणि दिवस मावळायच्या आत बाहेर यावं लागतं, बांधाच्या पलीकडे सुरुंग पुरलेले असू शकतात, आणि आता दक्षिणेतली सफरचंदं उष्णता वाढली म्हणून चढत चढत या तालुक्यात आली आहेत, हे सगळं नाना आपल्या चुलतभावाच्या घरातली बातमी सांगावी तसं सांगतात. कोणी ऐकलं नाही तर बैलाला सांगतात. आपल्या गावात ज्वारी जाऊन कापूस आला, कापूस जाऊन मका आला, मक्यात पपई घुसली, तर प्रत्येक वेळी नाना मान हलवून म्हणाले, ‘‘तिकडे बी हाईच चालू शे.’’

आणि तो चहा! स्पष्टच सांगते, तो चहा म्हणजे करपलेल्या भाकरीची वाफ आहे. नाना दाणे भरडतात, टरफल काढतात, खापरावर भाजतात, जात्यावर दळतात आणि पाहुण्याच्या हातात कप ठेवून समोर बसतात. संपेपर्यंत हलत नाहीत. माझ्या मावसबहिणीला बघायला शिरपूरकडची मंडळी आली होती, तेव्हा मावशीने नानांना सकाळपासून शेतात पाठवलं होतं. तरी ते वेळेवर परत आले. मुलाच्या वडिलांनी पहिला घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, ‘‘हे औषध आहे का?’’ नाना म्हणाले, ‘‘इतिहास शे.’’ लग्न ठरलं, ही गोष्ट वेगळी. मावशी मात्र त्याचं श्रेय नानांना अजून देत नाही.

मी त्या गावात गेले होते ते इतिहास प्यायला नव्हे, पाट वाचवायला. पांझरेवर गावोगावी जुने लहान बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असतात. एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाणी एकट्याचं नसून फडाचं. पाणी फिरवणारा तो पाटकरी. नानांच्या गावची आणखी एक रीत होती, आणि ती ऐकूनच मी या गावाच्या प्रेमात पडले होते: पाटाला पाणी सुटलं की पहिलं शेत भिजायचं ते शेवटचं. शेपटाच्या शेतात पाणी पोचल्याशिवाय वरच्या कोणीही आपल्या शेताचं पाण्याचं दार उघडायचं नाही. जे शहाणपण मोठमोठ्या धरणांच्या अधिकाऱ्यांना कधी सुचलं नाही, ते या लोकांना शिक्क्याशिवाय सुचलं होतं! पण कूपनलिका आल्या, ज्याचं त्याचं पाणी झालं, पाट गाळाने भरला, आणि वरच्या अंगाच्या एका आबांनी तर पाटाचा शंभरेक पावलांचा तुकडा नांगरून आपल्या पपईच्या बागेत घातला. आता ग्रामपंचायत एक मेच्या ग्रामसभेत ठराव करणार होती की पाट निकामी झाला आहे, तो नकाशातून काढावा. एकदा काढला की गेला.

मी पत्रक छापलं. गुलाबी कागद, हजार प्रती. ‘जागे व्हा! पाट गिळणाऱ्यांना जाब विचारा! आज नाही तर कधीच नाही!’ असं बरंच होतं. घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी चौकातल्या भज्यांच्या गाडीवर मला माझाच निषेध तेलकट होऊन मिळाला. नानांनी मात्र पत्रक अक्षर न अक्षर वाचलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘‘बठ्ठं खरं शे. पन वाचीसन कोनी उठत नही.’’ मग माझ्या उद्गारचिन्हांवर बोट ठेवत गेले. ‘‘आनि इतल्या काठ्या कसाले उभ्या करेल शेतस? लोकेस्ले माराले?’’ त्या दिवसापासून ते मला पत्रक म्हणू लागले. ‘ये पत्रक, बस,’ ‘पत्रक, चहा पी.’ मी रागावले. मी चळवळीतली मुलगी आहे, कागद नाही. पण चहा प्यायले.

नानांचं वावर पाटाच्या अगदी शेवटी, आणि तिथेच या सगळ्याचा जीव अडकला होता. गेल्या पावसाळ्यात ऐन भरात पावसाने ओढ दिली, नानांच्या विहिरीने तळ दाखवला, रानजोंधळ्याची कणसं पोकळ निघाली. चहासाठी आधीच भाजून ठेवलेले दाणे तेवढे होते, पण पेरायचं जुनं बी डब्यात किडलं. वडिलांनी कोटाच्या खिशातून आणलेल्या वंशाचे आता बांधाला फक्त पाच ठोंब हिरवे उरले होते. ते पावसाळ्यापर्यंत तगले तर पुन्हा दाणे येणार; एप्रिल-मेच्या उन्हात वाळले तर त्या म्हाताऱ्याची मूठ संपली. नाना रोज पहाटे सायकलला दोन्हीकडे दोन घागरी बांधून गावातल्या नळावरून पाणी न्यायचे. रस्त्यात निम्मं सांडायचं. लोक हसायचे. आबा आपल्या पपईच्या बांधावरून ओरडायचे, ‘‘नाना, तुमना कोरियामा जाई ऱ्हावा ना! आठे कसाले सायकल दुखाडतस?’’ नाना घंटी वाजवून पुढे जायचे. पाच ठोंबांतला एक आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी पिवळा पडला. त्या दिवशी नानांनी हवामान बघितलं नाही.

मग ते उठले. पहिली स्वारी तालुक्याच्या कचेरीवर. पाटाच्या नकाशाची नक्कल मी तीन अर्ज आणि एक ठिय्या करूनही मिळवू शकले नव्हते. नानांनी त्या टेबलावरच्या बाबूंना योनचॉनमधल्या चौकीवर शेतकऱ्याने पास कसा दाखवायचा इथपासून सांगायला सुरुवात केली. मी शेजारी उभी होते. युद्ध संपून सफरचंदं यायच्या सुमारास बाबू स्वतः उठले, कपाटातून नकाशा काढला आणि म्हणाले, ‘‘काका, हे घ्या, पण उरलेलं पुढच्या खेपेला.’’ नकाशात निळी रेघ आबांच्या पपईतून ठसठशीत जात होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, हे मुद्दाम केलंत ना? नाना खरोखर गोंधळले. ‘‘काय मुद्दाम? त्या बिचाराले माहीत नव्हतं.’’

वरच्या धरणातून पिण्यासाठीचं उन्हाळी आवर्तन आखाजीनंतर पाचव्या दिवशी सुटणार होतं. ते आमच्या बंधाऱ्याला थडकणार. तोवर पाट मोकळा झाला तर पाणी शेवटापर्यंत जाईल, पाच-नव्हे-चार ठोंब वाचतील, आणि वाहत्या पाटाला निकामी म्हणण्याची एक मेला कोणाची छाती होणार नाही. मी माझ्या पद्धतीने श्रमदान जाहीर केलं: फलक, घोषणा, सकाळी सातची वेळ. सात जण आले. त्यातले चार मीच धुळ्याहून आणले होते. नाना म्हणाले, आता आमच्या तालुक्याची पद्धत करू. तिकडे म्हणे जुन्या काळी गावाने मिळून शेतं निंदायला जायचं तर पुढे झेंडा आणि ढोल-झांजा असत. गाणं ऐकूनच माणसं घराबाहेर पडत. दुसऱ्या दिवशी पहाटे नानांनी बांबूला वडिलांचा ओव्हरकोट बांधला, दोन ढोलवाले आणले आणि गावातून फेरी काढली. आणि काय सांगू! सगळं गाव बाहेर पडलं. बायका, म्हातारे, सगळे. हातात ताट, वाटी, तांब्या घेऊन. आमच्याकडे पहाटे ढोल वाजला की भंडाऱ्याचं जेवण असतं, हे नानांना कोरियाच्या नादात आठवलं नव्हतं. लोकांनी फावडी पाहिली, ताटं पदराखाली घेतली आणि पांगले. एक आजी तर जाताना ठणकावून गेली, ‘‘मंग वरण तरी करी ठेवाले पाहिजे व्हतं!’’

त्या संध्याकाळी मी हरले होते. पुढच्या पत्रकाचं शीर्षकही सुचत नव्हतं. दोन दिवसांवर आखाजी. गावात सासुरवाशिणी माहेरी येऊ लागल्या होत्या, लिंबांना झोके चढत होते, घराघरांतून खापरावरच्या मांड्यांचा वास येत होता. खान्देशात आखाजी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही: वर्षभर दुसऱ्याच्या घरात राबलेली मुलगी त्या आठ दिवसांत बापाच्या घरची राणी असते, आणि तिला नाही म्हणणारा बाप अजून जन्माला यायचा आहे. लष्करातून परतल्यावर वडील गावचे पाटकरी होते; त्यांची जुनी वही नाना चाळत बसले होते. पाट साफ करायला दर घरामागे एक माणूस, एक फावडं, असा त्यात नियम होता. मी तो माझ्या पत्रकात ठळक छापलाही होता. नाना झोक्यावर ओरडणाऱ्या पोरींकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, ‘‘पत्रक, आपन बापस्ले बलावत ऱ्हायनूत. आठ दिन पोर बी घरनीच शे ना?’’

आखाजीच्या दिवशी घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. गावातल्या लेकी एकमेकींच्या घरची घागर बघत हिंडतात. नानांच्या घरी दोन घागरी होत्या. एक वडिलांची. दुसरी कोणाची, म्हणून आबांच्या मुलीने, सुनंदाने विचारलं. ती अमळनेरला दिलेली, तोंडाने तिखट, आणि लहानपणी नानांच्या बांधावरच्या रानजोंधळ्याच्या माळा करून खेळलेली. नाना म्हणाले, ‘‘त्या कोरियाना बाबानी. त्याना मांगे कोनी शे का नही, माहीत नही.’’ सुनंदा त्या घागरीपाशी बसली. नानांनी मग तिला बांधावरच्या चार ठोंबांबद्दल सांगितलं, आवर्तनाचा दिवस सांगितला, पाटकऱ्याच्या वहीतला नियम वाचून दाखवला. भाषण नाही, घोषणा नाही. मी कोपऱ्यात बसून बघत होते आणि मला, हे कबूल करायला जड जातं, पण लाज वाटली. या बायकांना मी एकही पत्रक दिलं नव्हतं. मी पत्रकं घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात दिली होती. मी! जी समतेवर व्याख्यानं देते!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाटाच्या तोंडाशी चाळीसएक बाया उभ्या होत्या. पदर खोचलेले, डोक्याला रुमाल, हातात बापाच्या घरची फावडी. पुढे नानांचा ओव्हरकोट बांबूवर. ढोल नव्हता, त्यांनी आखाजीची झोक्यावरची गाणी म्हटली, आणि ढोलाची काही कमी भासली नाही. गाळ उपसत उपसत दुसऱ्या दिवशी त्या पपईपाशी आल्या. आबा बांधावर आडवे उभे. मी नकाशा घेऊन पुढे झाले, तोंड उघडलं. नानांनी मागून माझी ओढणी ओढली. सुनंदा पुढे गेली.

‘‘आबा, यंदा मले साडी लेवानी का नही?’’

‘‘लेवानी ना पोरी. कोनती सांग.’’

‘‘साडी नको. मना माहेरना पाट द्या.’’

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागच्या चाळीस बायांकडे पाहिलं, ज्यातल्या दहा-बारा त्यांच्या पुतण्या-भाच्या होत्या. मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी जन्मभर विसरणार नाही. ‘‘हाई धुळानी पोरनी शिकाडं तुले?’’ सुनंदाने फावडं उचललं आणि पपईच्या पहिल्या झाडाच्या बुंध्याशी टेकवलं. ‘‘नही. मना हातना माळा तुम्हीच गळामा घालेत. त्या दाना कोठला व्हतात, ते आते समजनं.’’

आबा बाजूला झाले. पपईच्या दोन ओळी गेल्या. बाया खणू लागल्या आणि आबा काठावर उकिडवे बसून बघत राहिले. अर्ध्या तासाने त्यांना राहवेना. ‘‘अय, वाकडं चालनं! पाट असा नव्हता!’’ म्हणत ते खाली उतरले आणि सुनंदाच्या हातून फावडं हिसकावून घेतलं. पाट कुठून कसा जात होता, कुठल्या दगडाशी वळत होता, ते गावात सगळ्यांत चांगलं आबांना आठवत होतं. आठवणारच. त्यांनीच तो बुजवला होता.

पाचव्या दिवशी दुपारी पाणी आलं. गढूळ, पालापाचोळा ढकलत, दम खात खात. वरची सगळी दारं बंद. रीतीप्रमाणे पाटकरी पाण्याच्या पुढे चालतो. नाना अनवाणी, उन्हात, कोट घालून चालत होते, मागे पाणी, मागे आम्ही. निम्म्या वाटेवर उंदरांनी पोखरलेल्या जागी काठ फुटला आणि पाणी शेजारच्या मक्यात पळायला लागलं. माती टिकेना, गोणपाट हाताशी नाही. नाना ओरडले, ‘‘पत्रक! तुना कागद आन!’’ माझ्या उरलेल्या सहाशे-सातशे पत्रकांचे गठ्ठे सायकलवर होते. ‘जागे व्हा!’ चे पाच गठ्ठे भोकात कोंबले, वर चिखल थापला, सुनंदा त्यावर नाचली. पाणी थांबलं, वळलं, पुढे निघालं. माझ्या आजवरच्या लेखनाचा समाजावर झालेला हा पहिला थेट परिणाम. मी तिथेच उभी राहून ओरडले, चिखलाने माखलेली, आणि माझ्याबरोबर चाळीस बाया ओरडल्या. पाणी शेवटच्या बांधाला पोचलं तेव्हा आबांनी आपलं दार उघडायला हात घातलाच होता. नानांनी हात वर केला. चारही ठोंबांच्या बुडाशी पाणी भरलं, जमीन ते घटाघट प्यायली, तळं साचलं. मग नाना म्हणाले, ‘‘हां. आते खोला.’’

एक मेला ग्रामसभेत ग्रामसेवकांनी विषय वाचला: ‘निकामी झालेला पाट नकाशातून कमी करणे.’ सभेला एवढ्या बायका मी कधी पाहिल्या नव्हत्या. कितीतरी जणींनी सासरी परत जाणं दोन दिवस पुढे ढकललं होतं, गावात राहणाऱ्या सुना त्यांना बघून आल्या होत्या. मी माझं भाषण खिशातून काढलं. तेवढ्यात आबा उठले. त्यांच्या धोतराच्या काठाला अजून पाटाचा गाळ होता. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘पाटले पानी शे. पुढला विषय ल्या.’’ सभा टाळ्यांनी दणाणली. माझं भाषण तसंच खिशात राहिलं. चांगलं होतं, सतरा मुद्द्यांचं.

नाना दरवर्षी योनचॉनच्या कचेरीला एक पत्र पाठवतात. मराठीत. शेतकऱ्याचं पत्र शेतकऱ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. उत्तर कधी आलेलं नाही. पोस्टातले लोकही आता विचारत नाहीत, नुसतं तिकीट लावतात. यंदा पाऊस चांगला झाला, चार ठोंबांना भरघोस दाणे धरले, नवा डबा भरला. पण उपसण्याच्या त्या दिवसांनंतर नानांचा उजवा हात थरथरतो, म्हणून पत्र लिहायला त्यांनी मला बोलावलं. बाजेवर बसून मी लिहीत गेले: पाऊस कसा झाला, मक्याला काय झालं, सुनंदाला मुलगी झाली, तिला आबांनी राखाडी दाण्यांची माळ केली. शेवटी नानांनी कागद एकदा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, ‘‘लिख. तुमना शेतमा पानी उनं.’’

‘‘तुमच्या शेतात?’’ मी विचारलं. ‘‘माझ्या शेतात असं म्हणायचंय ना, नाना?’’

‘‘नही. ते वावर त्या बाबानंच शे. तिकडलं त्यानं गयं, म्हनीसन इकडे शे.’’ त्यांनी बांधाच्या दिशेने पाहिलं. ऊन उतरत होतं आणि वाळलेली धाटं वाऱ्यावर एकमेकांना घासत होती. ‘‘मी तं निस्ता पाटकरी.’’

मी लिहिलं: तुमच्या शेतात पाणी पोचलं. सवयीने उद्गारचिन्हासाठी पेन वर नेलं. मग नुसता पूर्णविराम दिला, आणि पत्ता नानांनी हळूहळू, एकेक अक्षर सांगितला.